घरात कोणी नाही

मुकुल चौबळचा सूर्य दूध पावडरच्या डब्यात राहत होता. डब्याच्या बुडाला भोक पाडून त्याने होल्डर बसवला होता, होल्डरात नऊ वॅटचा पिवळसर बल्ब आणि तोंडाला काळ्या कागदाची नळी. हे सगळं प्रकरण त्याने वडिलांच्या जुन्या काठीला तारेने बांधलं होतं आणि काठी कपडे वाळत घालायच्या स्टँडला. काठी वर सरकवली की भर दुपार, खाली आणली की संध्याकाळ. आकाश म्हणजे निळा कार्डपेपर. ऊन जास्तच कडक पडलं तर मध्ये बटर पेपर धरायचा, चिमट्यांनी अडकवून. हा स्टुडिओ उभारायला वीस मिनिटं लागायची आणि आवरायला दोन दिवस.

"बेडरूम आहे की मंडपवाल्याचं गोदाम?" त्याची बायको जागृती दर रविवारी विचारायची. डोंबिवलीच्या साडेपाचशे फुटांच्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न अगदीच गैर नव्हता.

मुकुल आठवडाभर ठाण्यातल्या एका कंपनीत पंपांची ड्रॉइंग तपासायचा आणि रविवारी पुठ्ठ्याची, आइस्क्रीमच्या काड्यांची छोटी घरं करून त्यांचे फोटो काढायचा. फोटो असा, की बघणाऱ्याला खऱ्या घराचा वाटावा. त्याचं एक तंत्र होतं आणि ते तो ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगायचा. दिवे दोन लावले की सावल्या दोन पडतात आणि खेळणं उघडं पडतं. सूर्य एकच असतो, म्हणून दिवाही एकच. "सावली खोटं बोलत नाही," असं तो वर म्हणायचा. एक्कावन्नाव्या वर्षी माणसाला अशी वाक्यं सुचायला लागतात आणि ती कधी अंगाशी येतील याची कल्पना नसते.

या वेळचं घर मात्र हौसेपुरतं नव्हतं. पुढच्या महिन्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. कलावतीबाई एक्क्याऐंशीला टेकल्या होत्या, मोतीबिंदू काढल्यापासून वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचत होत्या आणि कुणी काय हवं विचारलं की "काही नको" म्हणत होत्या. एकदाच, भाजी निवडता निवडता, त्या म्हणाल्या होत्या, "मोहन्याच्या घराचा एक फोटो असता तर बरं झालं असतं."

कल्याणजवळच्या मोहने गावात, रेयॉनच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये चौबळांनी बावीस वर्षं काढली होती. पश्चिमेला तोंड असलेलं बैठं घर, दोन पायऱ्या, पुढे दहा फुटांचं अंगण, अंगणाला लोखंडी गेट. क्वार्टर्स पाडून जमाना झाला. बावीस वर्षांत फोटो पुष्कळ काढले होते, पण त्या प्रत्येक फोटोत, कुठे पायरीवर बसलेली, कुठे गेटवर झोके घेणारी, चित्रा होती. आणि चित्रा ज्या ज्या फोटोत होती तो प्रत्येक फोटो अण्णांनी, म्हणजे मुकुलच्या वडिलांनी, एका सकाळी बंबात घातला होता. मुलीबरोबर घरही जळलं.

चित्रा मुकुलची मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. तिने राजरत्नशी लग्न केलं. राजरत्न कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होता, शिकलेला, निर्व्यसनी, हळू बोलणारा. फक्त बौद्ध होता, आणि अण्णांना तेवढं पुरलं. ती आली तर दार उघडायचं नाही, असा हुकूम सुटला. अण्णांचा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ती आली. नव्वदच्या मे महिन्यात, एका दुपारी. अण्णा ड्युटीवर होते, आई आत झोपली होती, निदान मुकुलला तसं वाटत होतं. तो सतरा वर्षांचा होता. गेटाबाहेरून हाक आली, "मुकुल, अरे आई आहे का?" त्याने दार चार बोटं उघडलं आणि तो म्हणाला, "घरात कोणी नाही." स्वतः घरात उभा राहून म्हणाला. मग कडी घातली, खोलीत जाऊन टेपरेकॉर्डर मोठ्याने लावला आणि उशीत डोकं खुपसून पडून राहिला. गणपतीच्या आधी राजरत्न स्वतः कारखान्याच्या फाटकाशी येऊन अण्णांना सांगून गेला, की काविळीत चित्रा गेली.

आई पुढे वर्षानुवर्षं म्हणायची, "एकदा तरी आली असती पोरगी." प्रत्येक वेळी खरं काय ते मुकुलच्या ओठांशी यायचं आणि प्रत्येक वेळी तो ते पाण्याबरोबर गिळायचा. चौतीस वर्षं त्याने ते गिळलं होतं. आता फोटो द्यायचा, असा सुंदर द्यायचा की आई खूश होईल, आणि तेवढ्यावर आपला जीव सोडवून घ्यायचा, असा त्याचा हिशेब. गुन्हा एक आणि दंड भलताच, पण माणसं असाच दंड भरतात.

घर एकास पन्नास मापाचं झालं. पन्नास सेंटीमीटरला एक सेंटीमीटर. आठवेल तसं सगळं केलं: पायऱ्यांचा गेरू, दाराची हिरवी पट्टी, कुंडीतली तुळस, स्वयंपाकघराची अंगणाकडे उघडणारी खिडकी. ती खिडकी त्याने बंदच चिकटवली, कारण दुपारी ती बंद असायची. अंगणात एक माणूसही ठेवला नाही. पहिल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने बेडरूमच्या खिडकीला गोधडी लावली, फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवला, डब्यातला सूर्य पेटवला आणि टायमर लावून फोटो काढला.

फोटो अप्रतिम आला. क्षणभर त्याला मोहन्याचा तो कुजक्या अंड्यासारखा वाससुद्धा आला, कारखान्याचा. मग त्याने फोटो मोठा करून पाहिला. गेटापासून अंगणात एक सावली पडली होती.

मुकुलने मॉडेलकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. गेटाच्या गजांच्या सावल्या होत्या, खांबाची होती, तुळशीची होती. फोनमध्ये त्यांच्या जोडीला आणखी एक होती. त्याने भिंग पुसलं, दोरे-केस शोधले, बाही वर सारली, पुन्हा फोटो काढला. सावली होती. जागृतीचा फोन मागून आणला. त्यातही होती.

"बघू," म्हणून जागृतीने आपला फोन ओढून घेतला. "अहो, मस्त आलाय की. खराच वाटतोय. पण ही कोण उभी केलीय गेटाबाहेर?"

"कोण? कोणी नाही."

"कोणी नाही काय! हा पदर दिसतोय ना. हातात पिशवी पण आहे." तिने फोटो अजून मोठा केला. "बाहुली फ्रेमच्या बाहेर ठेवली असणार तुम्ही. मला काय उल्लू बनवता?"

ती हसत आत गेली. मुकुल हसला नाही. 'कोणी नाही' हे दोन शब्द त्याच्या तोंडून इतके सराईतपणे निघाले होते की त्याच्या अंगावर काटा आला.

पुढचा रविवार त्याने टाळला. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र राहवलं नाही. माणूस ड्रॉइंग तपासणारा होता, भीती वाटली तरी त्याचा हात मोजपट्टीकडेच जायचा. त्याने सूर्य बरोबर पंचेचाळीस अंशांवर आणला. या कोनात वस्तू जेवढी उंच तेवढीच तिची सावली लांब, हे शाळकरी गणित. गेटाच्या खांबाशी ताडून त्याने फोटोतली सावली मोजली. तीन पूर्णांक एक दशांश सेंटीमीटर. पन्नासने गुणलं. एकशे पंचावन्न. पाच फूट एक इंच.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर अण्णा दर पाडव्याला पेन्सिलीने मुलांची उंची मांडायचे. चित्राताईची शेवटची खूण पाच-एकला होती. त्याच्या वर ती गेली नाही, म्हणून तो तिला बुटकी म्हणून चिडवायचा. मुकुलने मोजपट्टी खाली ठेवली आणि पलंगावर बसला. पळून जावं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की आपण उठलो तर ती तिथे एकटी राहील.

मग त्याने ते केलं जे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. मे महिन्यात कल्याणकडे सूर्य किती वाजता किती अंशांवर असतो याचं कोष्टक त्याने फोनवर काढलं आणि अण्णांची काठी एकेका वेळेच्या खुणेवर सरकवत फोटो काढायला लागला. एक वाजता: अंगण रिकामं. दोन वाजता: गेटाशी सेंटीमीटरभर सावली, अशी आखूड की पायाशीच गोळा झालेली. तीन वाजता: त्याच्या दुप्पट. पावणेचार: तिच्या उंचीएवढी. साडेचार: अर्धं अंगण ओलांडून पुढे. आणि पाचला, म्हणजे काठी पार खाली आणल्यावर, सावलीचं डोकं घराच्या पहिल्या पायरीला टेकलं. सव्वापाच केले. अंगण पुन्हा रिकामं.

म्हणजे ती दोनपासून पाचपर्यंत उभी होती. तीन तास, मे महिन्याच्या उन्हात. त्याला वाटलं होतं, ती लगेच निघून गेली असेल. टेपच्या दोन्ही बाजू वाजून संपल्या होत्या त्या दुपारी आणि त्याने एकदाही बाहेर डोकावून पाहिलं नव्हतं. मुकुल तोंडावर हात दाबून रडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पंखा पाचवर करून.

आणि एवढं होऊनही त्याने काय केलं? फोनवरच्या एका ॲपने सावली पुसली. बोटाने घासून घासून, गजांच्या सावल्या नीट ठेवून, मधली तेवढी उडवली. अंगण स्वच्छ झालं. चित्राताईला त्याने गेटावरून दुसऱ्यांदा घालवलं, आणि या वेळी हुकूम द्यायला अण्णासुद्धा नव्हते.

फ्रेम करायला टाकण्याआधी आईला नुसता दाखवून घ्यावा, असं त्याला वाटलं. कलावतीबाई हॉलमध्ये दुपारचा चहा घेत होत्या. त्यांनी चष्मा लावला, फोन दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हे केलंस तू?"

"हो. आवडलं?"

"पायरीचा कोपरा उडालेला होता, तोसुद्धा केलास." त्यांनी बोटाने पायरी चाचपली. "ही खिडकी मात्र बंद का केलीस? उघडी होती."

"दुपारी बंदच असायची आई ती. ऊन यायचं."

"रोज बंद असायची. त्या दिवशी उघडी होती."

"कुठल्या दिवशी?"

कलावतीबाई उत्तर देणार तोच बोट घसरलं आणि पुढचा फोटो आला. न पुसलेला, पाच वाजताचा. मुकुलने फोन घ्यायला हात पुढे केला, पण म्हातारीच्या पकडीत बळ होतं. चहावर साय धरेपर्यंत कलावतीबाई पायरीला टेकलेल्या सावलीकडे पाहत राहिल्या.

"पाचचा भोंगा झाला आणि ती वळली," त्या म्हणाल्या. "भोंगा झाला म्हणजे अण्णा सुटणार, हे तिला ठाऊक होतं."

मुकुलला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला.

"तू झोपली होतीस, आई."

"तिची हाक ऐकून कुठली झोपते मी? स्वयंपाकघरात होते. खिडकीची फट केली आणि पाहत बसले. सातवा लागला असेल तिला, उभं राहण्यावरून कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आली होती रे ती, आणि बाळासकट गेली. आणि तुझं बोलणं ऐकलं मी. घरात कोणी नाही म्हणालास."

"आई, मी..."

"मला बरं वाटलं." कलावतीबाईंचा आवाज आता फुटला. "तू म्हणालास म्हणून मला म्हणावं लागलं नाही. तू सतरा वर्षांचा होतास, मी सत्तेचाळीसची. अण्णांना भ्यायले म्हणावं तर ते कारखान्यात होते. कडी माझ्या हातापासून चार पावलांवर होती. तीन तासांत चार पावलं झाली नाहीत माझ्याच्यानं."

"मग 'एकदा तरी आली असती' असं का म्हणायचीस दर वेळी?"

"तू 'आली होती' म्हणशील म्हणून. म्हणजे मला बोलता आलं असतं."

चौतीस वर्षं एका घरात, एका ताटात जेवून दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. मुकुल आईच्या पायाशी जमिनीवर बसला. त्याला तिचा भयंकर राग आला, आणि तिला मिठी मारावीशीही वाटली, आणि दोन्हीतलं काहीच जमलं नाही. दारात जागृती उभी होती, हातातला कुकरचा डबा तसाच.

कलावतीबाईंनी डोळे पुसले आणि त्या उठल्या. "कुठे आहे घर? दाखव. आणि जागृती, एक पोळीचा तुकडा आण गं, आणि तांब्यात पाणी. बाहेरून लेक आलीये."

बेडरूममध्ये गोधडीने अंधार केलेलाच होता. मॉडेलपुढे स्टूल ठेवून आई बसली. तिने आधी अण्णांची काठी पाहिली, ती ओळखून मान हलवली. मग म्हणाली, "दार उघड."

"चिकटवलंय ग."

"मग काप."

त्याने ब्लेडने दाराची कड कापली. ब्लेड घसरलं, हिरव्या पट्टीला ओरखडा गेला. मग खिडकी कापून उघडली. दोन्हींतून आतल्या इवल्याशा जमिनीवर पिवळं ऊन पडलं. सूर्य पाचच्या खुणेवरच होता. आईने पोळीचा तुकडा आणि पाणी गेटावरून तीनदा ओवाळलं, तुकडा बाजूला टाकला आणि बोटाने पाण्याचा एक थेंब पायरीवर सोडला. गेरूचा रंग ओला होऊन लाल झाला.

"आता सांग तिला," आई म्हणाली.

"मी?"

"तिने तुला विचारलं होतं. मला नाही."

पंखा बंद होता. खालच्या रस्त्यावरचा रिक्षांचा आवाजही त्या वेळी कसा कोण जाणे थांबला होता. मुकुलने फोनचा टायमर दाबला आणि त्या वीतभर घराच्या दाराशी तोंड नेऊन तो म्हणाला, "चित्राताई, आई आहे घरात. ये."

फोन वाजला. फोटो निघाला होता. तिघंही आधी मॉडेलकडेच बघत राहिले, फोनकडे पाहायचा धीर कुणाला होईना. शेवटी जागृतीने तो उचलला.

अंगणात फक्त गजांच्या, खांबाच्या आणि तुळशीच्या सावल्या होत्या. गेट, जे मुकुलने दोन वेळा चिकटवून घट्ट बसवलं होतं, ते काडीभर आत ढकललेलं होतं. पायरीवर जो थेंब होता त्यातून एक ओली खूण निघून उंबऱ्याच्या आत गेली होती, आणि उघड्या दारातून दिसणाऱ्या जमिनीवर, खिडकीतून आलेल्या उन्हात, एक सावली आडवी झाली होती. पिशवी बाजूला, हात डोक्याखाली.

जागृतीच्या हातून फोन पडता पडता राहिला. मुकुलने प्रत्यक्ष गेटाला बोट लावून पाहिलं. ते सुटलेलं होतं.

"अजून एक काढू?" त्याने विचारलं. आपण का विचारतोय हे त्याला कळत नव्हतं. गेलेली बहीण पुन्हा एकदा पाहावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

"नको," कलावतीबाई म्हणाल्या. त्यांनी डब्याकडे हात केला आणि आवाज अगदी खाली आणला, दुपारच्या वेळी घरात कुणी झोपलं असलं म्हणजे आणतात तसा. "तो दिवा घालव आता. एवढी उन्हात उभी राहिलीये, पडू दे तिला जरा."